मर्सियाचा राजा ऑफा: एवढी सत्ता उभी केली, मग घराणे का बुडाले?

जुनी पाने (मूळ प्रश्न):

आठव्या शतकातील इंग्लंडचा इतिहास क्रमाने वाचत असताना मर्सियाच्या (मध्य इंग्लंडमधील एका राज्याच्या) ऑफापाशी येऊन मी अडलो आहे, म्हणून हा धागा काढत आहे. इ.स. 757 मध्ये मर्सियाचा राजा एथेलबाल्ड याचा सेकिंग्टन येथे त्याच्याच अंगरक्षकांनी रात्रीच्या वेळी घात केला, बिऑर्नरेड नावाच्या कुणी काही काळ गादी बळकावली, आणि त्याच वर्षी ऑफाने त्याला हुसकावून राज्य हाती घेतले, इथपर्यंतची हकिकत सरळ आहे. त्यानंतरची 39 वर्षे मात्र कुठल्याच एका सूत्रात बसत नाहीत.

एकीकडे हाच राजा चांदीची उत्तम नाणी पाडतो, वेल्सच्या सीमेवर प्रचंड बांध घालतो, पोपकडून आपल्या राज्यासाठी स्वतंत्र आर्चबिशप मिळवतो आणि फ्रँकांचा (आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या भागातील लोकांचा) राजा शार्लमेन, जो सम्राटपदाच्या उंबरठ्यावर होता, त्याच्याशी बरोबरीच्या नात्याने पत्रव्यवहार करतो. दुसरीकडे ईस्ट अँग्लियाच्या राजाचा शिरच्छेद करवणारा आणि शेजारची राजघराणी एकामागून एक नाहीशी करणारा तोही हाच. इतके सगळे करून 796 च्या जुलैत तो वारला, आणि ज्या मुलासाठी त्याने जिवाचे रान केले तो एगफ्रिथ अवघे 141 दिवस राज्य करून त्याच वर्षाच्या डिसेंबरात गेला. पुढे ऑफाच्या वंशातले कुणीही गादीवर बसले नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. पहिला असा की, ऑफाच्या सत्तेचे स्वरूप नेमके काय होते? इतर राजे त्याचे मांडलिक होते, मित्र होते, की त्याने त्यांची राज्येच खालसा केली होती? दुसरा असा की, घराणे बुडाले तो निव्वळ दैवाचा घाला होता, की त्याच्याच राज्यपद्धतीत त्याचे बीज होते? अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल (इंग्लंडची वर्षवार नोंदींची जुनी बखर) या काळाबद्दल इतके त्रोटक लिहिते की त्यावरून काहीच ठरवता येत नाही. ज्यांनी या काळाचा अभ्यास केला आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.


सनदवाचक:

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर क्रॉनिकल बाजूला ठेवून जमिनीच्या दानपत्रांकडे, म्हणजे सनदांकडे, वळावे लागते. क्रॉनिकलचे आज उपलब्ध असलेले रूप नवव्या शतकाच्या अखेरीस, राजा आल्फ्रेडच्या काळात, त्याच्या वेसेक्स या दक्षिणेकडच्या राज्यात आकाराला आले, आणि त्यात मर्सियाच्या राजांना मोठेपणा देण्याची लेखकांना काहीच निकड नव्हती. याचा ढळढळीत पुरावा म्हणजे वेसेक्सच्या एग्बर्टने 829 मध्ये मर्सिया जिंकल्याची नोंद करताना क्रॉनिकल त्याला 'आठवा' अधिराज म्हणते. बीड या आठव्या शतकातील भिक्षू-इतिहासकाराने आपल्या ग्रंथात दिलेल्या सात राजांची यादी जशीच्या तशी उचलली आहे आणि त्यानंतर थेट एग्बर्टचे नाव जोडले आहे. मधली जवळजवळ ऐंशी वर्षे दक्षिण इंग्लंडवर ज्यांचा वचक होता ते एथेलबाल्ड आणि ऑफा या यादीत नाहीतच. मर्सियाची स्वतःची बखर आपल्यापर्यंत पोहोचलेली नाही, त्यामुळे ऑफाला आपण बहुतांशी परक्यांच्या लेखणीतून पाहतो, हे सतत ध्यानात ठेवायला हवे.

सनदा काय सांगतात ते आता पाहू. ससेक्सचा ऑस्मंड 770 मधील सनदेत स्वतःला राजा म्हणवतो, पण दोनच वर्षांनी 772 मध्ये ऑफाच्या सनदेवर साक्ष घालताना तो 'डक्स', म्हणजे एक सरदार, झालेला असतो. 771 मध्ये ऑफाने हेस्टिंग्ज भागातील लोकांना शस्त्रबळावर नमवल्याची नोंद आहे, तेव्हा या दोन वर्षांत काय घडले असावे हे वेगळे सांगायला नको. सेव्हर्न खोऱ्यातील ह्विक्के लोकांच्या बाबतीत हाच प्रकार अधिक स्पष्ट दिसतो. 778 च्या एका सनदेत ऑफा त्यांच्या एल्ड्रेडचा उल्लेख 'माझा उपराजा, म्हणजेच आपल्या ह्विक्के लोकांचा सरदार' असा करतो. एकाच वाक्यात उपराजा आणि सरदार! घराणे तेच राहिले, माणसे तीच राहिली, पण त्यांचा दर्जा पायरीपायरीने उतरवला गेला. माझ्या मते ऑफाच्या राज्यपद्धतीचे मर्म इथे आहे. आधीचे अधिराज दुसऱ्या राजांवर राज्य करत; ऑफाने त्या राजांचे राजेपणच काढून घेतले.

केंटमध्ये मात्र हे इतक्या सहजी जमले नाही. 764 मध्येच ऑफा कँटरबरीत जाऊन तिथल्या दानांना मंजुरी देताना दिसतो, पण 776 मध्ये ऑटफर्ड येथे मर्सिया आणि केंट यांच्यात लढाई झाली आणि त्यानंतर साधारण 785 पर्यंत केंटचा राजा एग्बर्ट (वेसेक्सचा एग्बर्ट वेगळा) ऑफाचे नाव न घेता सनदा देत राहिला, यावरून त्या लढाईत ऑफाचा पराभव झाला असावा असे मानतात. केंट पुन्हा हाती आल्यावर ऑफाने जे केले ते एका जुन्या तंट्याच्या कागदातून कळते. एग्बर्टने आपल्या एका माणसाला जमीन दिली होती आणि त्या माणसाने ती कँटरबरीच्या ख्राइस्ट चर्चला अर्पण केली होती. ऑफाने ती परत घेतली, आणि त्याचे कारण असे दिले की धन्याने नेमून दिलेली जमीन धन्याच्या साक्षीवाचून दुसऱ्याच्या हवाली करण्याचा सेवकाला अधिकार नाही. इथे 'सेवक' कोण, तर केंटचा राजा, ज्याच्या घराण्याने इंग्लंडमध्ये सर्वांत आधी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता! त्या जमिनीच्या तुकड्याहून ही भूमिका मला कितीतरी महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात केंटचे राजेपण पूर्वलक्षी प्रभावाने रद्द केलेले आहे.

वेसेक्स आणि नॉर्थम्ब्रिया यांच्याशी त्याचे वागणे वेगळे होते. 779 मध्ये बेन्सिंग्टन येथे त्याने वेसेक्सच्या किनेवुल्फचा पराभव करून टेम्स नदीकाठचा तो मुलूख घेतला, पण वेसेक्स गिळले नाही. 789 मध्ये आपली मुलगी एडबर्ग वेसेक्सच्या बेओर्ट्रिकला दिली आणि त्याच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या एग्बर्टला दोघांनी मिळून देशोधडीला लावले. 792 मध्ये दुसरी मुलगी एल्फ्लेड हिचा विवाह नॉर्थम्ब्रियाच्या एथेलरेडशी झाला. म्हणजे दुबळ्यांना खालसा करायचे आणि बलवानांशी सोयरीक जुळवायची, असे हे दुहेरी धोरण होते.

त्याला 'साऱ्या इंग्रजांचा राजा' म्हणण्याची प्रथा मात्र सोडून द्यावी असे माझे मत आहे. ज्या सनदांमध्ये ही भव्य बिरुदे आढळतात त्या बहुतेक नंतरच्या काळात रचलेल्या किंवा फेरफार केलेल्या आहेत. विश्वसनीय सनदांत तो साधेपणाने 'मर्सियनांचा राजा' एवढेच म्हणवून घेतो. एकसंध इंग्लंडचे स्वप्न त्याच्या माथी मारण्याची गरज नाही. त्याला मर्सिया मोठे करायचे होते, आणि ते मुलाच्या हाती सोपवायचे होते.


टांकसाळ:

सनदवाचक यांचे विवेचन पटले. त्याला नाण्यांची जोड दिली नाही तर चित्र अपुरे राहील, म्हणून थोडे लिहितो.

ऑफा गादीवर आला तेव्हा दक्षिण इंग्लंडमधील जुनी, जाड, बटणासारखी छोटी चांदीची नाणी इतकी हिणकस झाली होती की त्यांत चांदी नावापुरतीच उरली होती. त्यानंतर पातळ, रुंद पत्र्याची, चांगल्या चांदीची पेनी आली. तिचे वजन साधारण 1.3 ग्रॅम असे, आणि पुढची जवळजवळ पाच शतके इंग्लंडचा व्यवहार या एकाच प्रकारच्या नाण्यावर चालला. ही कल्पना सर्वस्वी ऑफाची होती असे मात्र म्हणता येत नाही. फ्रँकांच्या राज्यात पिपिनने हे आधीच केले होते, आणि केंटच्या हेबर्ट व एग्बर्ट या राजांच्या नावाच्या पेनीही कँटरबरीच्या त्याच टाकसाळीतून निघाल्या होत्या. ऑफाने केंट घेतले तेव्हा ही टाकसाळ आणि तिचे कारागीर आयतेच त्याच्या हाती आले. केंटसाठी त्याने इतका आटापिटा का केला, याचे एक कारण इथेही सापडते, कारण समुद्रापलीकडचा व्यापार आणि त्यातून येणारी चांदी याच दाराने आत येत असे.

या नाण्यांची कलाकुसर पाहण्यासारखी आहे. काहींवर राजाचे मस्तक रोमन सम्राटांच्या धाटणीने कोरले आहे, केस कुरळे आणि नीट विंचरलेले, आणि भोवती 'ऑफा रेक्स' (राजा ऑफा) ही अक्षरे. नाण्याच्या दुसऱ्या बाजूस ते पाडणाऱ्या कारागिराचे नाव असे. त्यांपैकी एओबा नावाच्या कारागिराने राणी किनेथ्रिथच्या नावाचीही नाणी पाडली. संपूर्ण अँग्लो-सॅक्सन काळात स्वतःच्या नावाचे नाणे असलेली ही एकमेव राणी आहे. ही गोष्ट केवळ पत्नीप्रेमाची मानू नये. ऑफाच्या घराण्याचा खरा वारस कोण, तर या राणीच्या पोटी जन्मलेला मुलगा, हे सांगण्याचा तो एक मार्ग होता, आणि 786 मध्ये इंग्लंडात आलेल्या पोपच्या वकिलांनी (प्रतिनिधींनी) घालून दिलेल्या नियमांत राजा हा धर्मसंमत विवाहातूनच जन्मलेला असावा, असे कलम आहे. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या की राणीच्या नाण्याचा अर्थ उलगडतो.

त्याच काळातील कँटरबरीच्या आर्चबिशप येनबर्टची नाणीही बोलकी आहेत. एका बाजूला आर्चबिशपचे नाव आणि दुसऱ्या बाजूला ऑफाचे. येनबर्टला ऑफाचे वर्चस्व किती खुपत होते हे पुढे घडलेल्या गोष्टींवरून दिसते, तरी त्याच्या हातातून जाणाऱ्या प्रत्येक नाण्यावर ते वर्चस्व कोरलेले होते.

आता ज्या नाण्याबद्दल सर्वांत जास्त कुतूहल असते त्याबद्दल. ब्रिटिश म्युझियममध्ये ऑफाचे एक सोन्याचे नाणे आहे, ते अब्बासी खलिफा अल-मन्सूरच्या हिजरी 157 मधील, म्हणजे इ.स. 773-74 मधील, दिनारची नक्कल आहे. मध्यभागी अरबी मजकुराच्या ओळी आहेत, 'मुहम्मद हा अल्लाहचा प्रेषित आहे' अशा अर्थाच्या, आणि त्या ओळींच्या मधल्या जागेत 'ऑफा रेक्स' ही अक्षरे अरबी मजकुराच्या मानाने उलटी बसवली आहेत. कोरणाऱ्याला अरबी वाचता येत नव्हते हे उघड आहे. त्याने अक्षरे नक्षीप्रमाणे उतरवली आणि काही ठिकाणी चुकवलीही. यावरून ऑफाने इस्लाम स्वीकारला होता असे जे अधूनमधून सांगितले जाते, त्याला काडीचाही आधार नाही. भूमध्य समुद्राच्या परिसरात सोने म्हटले की दिनार हेच चलन विश्वासाचे होते, म्हणून त्याच रूपात नाणे काढले गेले. हे नाणे रोममध्ये मिळाल्याचे सांगतात, आणि ऑफाने संत पीटरच्या चरणी दरवर्षी 365 सोन्याची नाणी पाठवण्याचा नवस केला होता, असे पोप लिओ तिसरा याच्या पत्रात स्पष्ट लिहिले आहे. हेच नाणे त्या देणगीतले होते असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही, पण तो तर्क अगदीच हवेतला नाही.


जुनी पाने:

दोघांचेही मनापासून आभार. राजाला सरदाराच्या पायरीवर उतरवण्याचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. आता ईस्ट अँग्लियाच्या एथेलबर्टचा शिरच्छेद आणि वेल्सच्या सीमेवरचा बांध यांविषयी कुणी लिहील का? हा बांध 'समुद्रापासून समुद्रापर्यंत' होता असे सर्वत्र वाचायला मिळते, पण नकाशावर तो तसा दिसत नाही. आणि मर्सियासाठी मिळवलेल्या त्या स्वतंत्र, म्हणजे लिचफिल्डच्या, आर्चबिशपपदाची भानगड काय होती, हेही नीट समजून घ्यायचे आहे.


सीमेवरचा:

'समुद्रापासून समुद्रापर्यंत' हे शब्द आसरचे आहेत. वेल्समधून आल्फ्रेडच्या दरबारी आलेल्या या बिशपने 893 मध्ये आल्फ्रेडचे चरित्र लिहिले, आणि त्यात 'आजूबाजूच्या सर्व राजांना धडकी भरवणारा' एक राजा ऑफा अलीकडच्या काळात होऊन गेला व त्याने वेल्स आणि मर्सिया यांच्यामध्ये मोठा बांध घातला, असे म्हटले आहे. बांधाचे नाव ऑफाशी जोडणारा हाच सर्वांत जुना लेखी उल्लेख, आणि तोही ऑफाच्या मृत्यूनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी केलेला. आसर स्वतः वेल्सचा असल्यामुळे त्याच्या लोकांत ही आठवण जिवंत होती, इतपत आपण मान्य करू शकतो.

प्रत्यक्षात सलग दिसणारा भाग किंग्टनजवळच्या रशॉक टेकडीपासून उत्तरेला ट्रेडिनपर्यंत, सुमारे 64 मैलांचा आहे. दक्षिणेला हेरफर्डशायरमध्ये मोठा खंड पडतो, आणि वाय नदीकाठचे तुकडे त्याच बांधाचे की वेगळे, यावर एकमत नाही. उत्तर टोकाला तर त्याला जवळजवळ समांतर जाणारा वॉट्स डाइक हा दुसराच बांध आहे. पुरातत्त्वज्ञ सिरिल फॉक्स यांनी विसाव्या शतकात पायी फिरून या साऱ्याची पाहणी केली, आणि तेव्हापासून वाद थांबलेला नाही.

मला या बांधाकडे पाहताना त्याच्या लांबीपेक्षा त्याच्या जागेची निवड अधिक विचार करायला लावते. मातीचा भराव पूर्वेला आणि खंदक पश्चिमेला, म्हणजे वेल्सच्या बाजूला आहे. डोंगराळ भागात बांध मुद्दाम पश्चिमेकडच्या उतारावर नेला आहे, जेणेकरून त्यावर उभ्या असलेल्याला वेल्सच्या दऱ्याखोऱ्या दूरवर दिसाव्यात. ज्या ठिकाणी भराव चांगला टिकला आहे तिथे खंदकासह त्याची रुंदी वीस मीटरच्या आसपास भरते. हे काम करून घेण्यासाठी खोदणारे हात, त्यांची शिदोरी आणि प्रत्येक गावावर किती काम टाकायचे याचा हिशेब, हे सगळे राजाच्या आज्ञेने उभे राहावे लागते. मर्सियाच्या सनदांमध्ये इतर सर्व करांतून सूट देतानाही पूल आणि तटबंदीचे काम व लष्करी चाकरी यांतून सूट न देण्याची अट याच शतकात रूढ होते. सनदवाचक यांनी दाखवलेली राजसत्ता जमिनीवर कशी दिसते, याचे हे उदाहरण आहे.

हा बांध दोन्ही बाजूंच्या संमतीने आखलेली हद्द होती, असे एक मत बराच काळ प्रचलित होते. मला ते पटत नाही. वेल्सच्या बखरीत 760 मध्ये हेरफर्डची लढाई आणि पुढे 778 व 784 मध्ये ऑफाने केलेल्या स्वाऱ्या नोंदलेल्या आहेत. लँगॉलेनजवळ उभ्या असलेल्या एलिसेगच्या स्तंभावर नवव्या शतकात वेल्समधील पाविस राज्याच्या राजाने एक लेख कोरवला होता. आज तो झिजून गेला असला तरी सतराव्या शतकात त्याची नक्कल करून ठेवलेली आहे. त्यात या राजाचा पूर्वज एलिसेग याने तलवारीच्या आणि अग्नीच्या बळावर पाविसचा मुलूख इंग्रजांकडून परत मिळवल्याचे अभिमानाने सांगितले आहे. असा शेजारी समोर असताना खंदक त्याच्याच दिशेला खणला, तर तो सलोख्याची खूण म्हणून खणला असेल असे वाटत नाही.


पत्रव्यवहार:

उरलेल्या दोन गोष्टींविषयी, म्हणजे लिचफिल्ड आणि एथेलबर्ट यांविषयी, मी लिहितो. कारण त्या दोन्ही वारसाच्या प्रश्नाशी थेट जोडलेल्या आहेत.

787 मध्ये चेल्सी येथे धर्मसभा भरली. क्रॉनिकल तिला 'भांडणाची सभा' म्हणते आणि एकाच नोंदीत तीन गोष्टी सांगते: आर्चबिशप येनबर्टच्या अधिकारक्षेत्राचा काही भाग काढून घेतला गेला, राजा ऑफाने हिगेबर्टची (लिचफिल्डच्या नव्या आर्चबिशपची) निवड केली, आणि एगफ्रिथला राजा म्हणून अभिषेक झाला. वडील हयात असताना मुलाला धर्मविधीने अभिषिक्त करणे हे इंग्लंडला नवीन होते. सहाच वर्षांपूर्वी, 781 मध्ये, पोप एड्रियनने रोममध्ये शार्लमेनच्या दोन लहान मुलांना असाच अभिषेक केला होता, आणि ऑफाने तेथूनच धडा घेतला असावा. 786 मध्ये आलेल्या पोपच्या वकिलांच्या नियमांत परमेश्वराने अभिषिक्त केलेल्याच्या जिवावर कुणी उठू नये, असे निक्षून सांगितले आहे. ज्याच्या आधीच्या राजाचा खून अंगरक्षकांनी केला होता, त्या ऑफाला या कलमाचे मोल किती वाटले असेल! येनबर्ट हा अभिषेक करायला राजी नव्हता असे सरळ लिहिलेले कुठे सापडत नाही, पण तिन्ही घटना एकत्र आल्या त्या योगायोगाने, असे मानणे कठीण आहे.

पुढे ऑफानंतरचा राजा केनवुल्फ याने पोपला लिहिले की, ऑफाने हे सारे येनबर्ट आणि केंटच्या लोकांवरच्या आकसातून केले. पोप लिओने दिलेले उत्तर फार मार्मिक आहे: तुमच्याच राजाने लेखी कळवले होते की राज्याचा विस्तार फार वाढल्यामुळे ही तुम्हा सर्वांची एकमुखी मागणी आहे. सनदवाचक यांचे लक्ष मी या मुद्द्याकडे वेधू इच्छितो. केंटवरचा आकस खरा होताच, पण तेवढे एकच कारण मानले तर केनवुल्फचे म्हणणे आपण न तपासता स्वीकारतो, आणि त्याला ऑफावर दोष ढकलणे सोयीचे होते. मर्सियाचे धर्मपीठ मर्सियात असावे, मुलाला अभिषेक करणारा आर्चबिशप घरचा असावा, हा विचार मला आकसापेक्षा अधिक प्रबळ वाटतो.

मुलासाठी ऑफा कुठवर जायला तयार होता हे शार्लमेनबरोबरच्या बेबनावातही दिसते. 790 च्या सुमारास शार्लमेनने आपल्या चार्ल्स या मुलासाठी ऑफाची मुलगी मागितली, तेव्हा ऑफाने अट घातली की शार्लमेनची मुलगी बर्था एगफ्रिथला मिळाली तरच हे लग्न होईल. शार्लमेन इतका संतापला की त्याने इंग्लंडच्या व्यापाऱ्यांना आपली बंदरे बंद केली, आणि मठाधिपती गेर्वोल्डला मध्यस्थी करावी लागली. 796 पर्यंत मात्र सूर निवळला होता. त्या वर्षीच्या पत्रात शार्लमेन ऑफाला 'बंधू' म्हणतो, रोमला जाणाऱ्या यात्रेकरूंना संरक्षण देतो, यात्रेकरूंच्या वेषात जकात चुकवणाऱ्या व्यापाऱ्यांकडून मात्र ती वसूल केली जाईल असे बजावतो, ऑफाने मागितलेल्या काळ्या दगडांची लांबी किती हवी ते कळवण्यास सांगतो, आणि इंग्लंडहून येणारे झगे पूर्वीइतकेच लांब असावेत अशी मागणी करतो. सोबत मध्य युरोपातील आवार नावाच्या लोकांकडून मिळालेल्या लुटीतली एक तलवार, एक कमरपट्टा आणि दोन रेशमी वस्त्रे भेट म्हणून येतात. दोन राजांमधला रोजचा व्यवहार इतक्या जवळून दाखवणारे त्या काळातले दुसरे पत्र मला माहीत नाही.

याच सुमारास, 794 मध्ये, ऑफाच्या आज्ञेने ईस्ट अँग्लियाच्या एथेलबर्टचे शिर उडवले गेले. क्रॉनिकल एका ओळीत एवढेच सांगते. राणी किनेथ्रिथने कट रचला, एथेलबर्ट ऑफाच्या मुलीला मागणी घालायला आला होता, वगैरे कथा फार नंतरच्या संतचरित्रांतल्या आहेत आणि हेरफर्डच्या चर्चमध्ये त्याची पूजा सुरू झाल्यानंतर त्यांना बहर आला. टांकसाळ यांच्या विषयाशी जोडून एक सांगतो: एथेलबर्टच्या स्वतःच्या नावाची, 'रेक्स' असे बिरुद असलेली काही पेनी सापडली आहेत, आणि त्यांवर रोमच्या लांडगीचे व जुळ्या मुलांचे चित्र आहे. ज्या राजाने इतरांचे राजेपण काढून घेण्यात हयात घालवली, त्याला हे नाणे बंडासारखे वाटले असेल, असा माझा अंदाज आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या काळातल्याच एका माणसाने देऊन ठेवले आहे. नॉर्थम्ब्रियात जन्मलेला आणि शार्लमेनच्या दरबारी राहणारा पंडित अल्क्विन ऑफाचा चाहता होता. एगफ्रिथ वारल्यावर 797 मध्ये मर्सियाच्या ऑस्बर्ट नावाच्या सरदाराला त्याने लिहिले की, हा तरुण आपल्या पापांमुळे मेला असे मला वाटत नाही. मुलाचे राज्य पक्के व्हावे म्हणून बापाने जे रक्त सांडले त्याचा सूड मुलापर्यंत पोहोचला, आणि ते रक्त सांडणे राज्याला बळकटी देणारे नव्हे तर त्याचा नाश करणारे ठरले. हे रक्त केवळ शेजारच्या राजांचे नव्हते. मर्सियाच्या राजघराण्यात गादीवर हक्क सांगू शकतील अशा भाऊबंदांना ऑफाने वेचून दूर केले, असा या पत्राचा रोख बहुतेक अभ्यासक मानतात. त्यामुळे एगफ्रिथ निपुत्रिक गेला तेव्हा ऑफाच्या जवळच्या रक्ताचा कुणीच उरला नव्हता. मृत्यू दैवाने आला असेल, पण त्या मृत्यूनंतर घर रिकामे असणे ही ऑफाची करणी होती.


सनदवाचक:

लिचफिल्डविषयीचे विवेचन मान्य आहे; लिओचे पत्र समोर ठेवून पाहिले की आकसाचा मुद्दा दुय्यम ठरतो. मूळ प्रश्नातील एका गृहीतकाविषयी मात्र लिहायचे राहिले आहे. घराणे बुडाले, पण सत्ता लगेच बुडाली नाही, आणि हा फरक फार महत्त्वाचा आहे.

ऑफाच्या मृत्यूनंतर केंट आणि ईस्ट अँग्लिया दोन्हींनी उठाव केले. केंटमध्ये एडबर्ट प्रेन नावाचा, पूर्वी धर्मदीक्षा घेतलेला माणूस राजा झाला. मर्सियाचा सातव्या शतकातील राजा पेंडा याच्या एका भावाचा ऑफा वंशज; पेंडाच्याच दुसऱ्या एका भावाचा वंशज म्हणवणारा केनवुल्फ मर्सियाच्या गादीवर आला होता. त्याने पोपकडून एडबर्टला बहिष्कृत करवले, 798 मध्ये केंट उद्ध्वस्त करून त्याला बेड्या घालून मर्सियात नेले, आणि केंटवर आपला भाऊ कथ्रेड याला राजा नेमले. म्हणजे ऑफाने जी जागा पुसून टाकली होती ती केनवुल्फने पुन्हा निर्माण केली, फक्त तिथे आपल्या घरचा माणूस बसवला. मला हा ऑफाच्या धोरणावरचा सर्वांत शहाणा शेरा वाटतो, कारण केंटच्या लोकांना राजा हवाच होता हे केनवुल्फने ओळखले. 821 मध्ये तो वारला तेव्हाही मर्सियाचा दबदबा कायम होता. तो मोडला 825 मध्ये, एलेंडनच्या लढाईत, आणि मोडणारा होता तोच एग्बर्ट, ज्याला ऑफा आणि बेओर्ट्रिक यांनी परदेशी पळवून लावले होते. केंट, ससेक्स, सरे आणि एसेक्स तेव्हा वेसेक्सकडे गेले ते कायमचेच.

लिचफिल्डचे काय झाले तेही सांगतो. केनवुल्फने आधी आर्चबिशपचे पीठ लंडनला हलवण्याची कल्पना पोपपुढे मांडली, ती फेटाळली गेली. अल्क्विनने कँटरबरीचा आर्चबिशप एथेलहार्ड याला सुचवले होते की हिगेबर्ट जिवंत असेपर्यंत त्याचा मान काढून घेऊ नये. 803 मध्ये क्लोफेशो येथील सभेने लिचफिल्डचे आर्चबिशपपद रद्द केले, आणि ते मुळात पोपची दिशाभूल करून मिळवले होते असे ठरावात नमूद केले. तोवर हिगेबर्ट आपल्या पदावरून बाजूला झालेला होता, आणि लिचफिल्डला त्यानंतर साधा बिशप मिळाला. आल्फ्रेडने मात्र आपल्या कायद्यांच्या प्रस्तावनेत केंटच्या एथेलबर्ट आणि वेसेक्सच्या इने यांच्या जोडीने मर्सियाच्या ऑफाचे नाव घेतले आहे, आणि त्यांच्या कायद्यांतील जे सर्वांत न्याय्य वाटले ते आपण घेतले, असे म्हटले आहे.